अर्धा श्वास

कोक-जार, १२ ऑक्टोबर

शायलोबेक बायके,

आपल्याकडे मोठ्या भावाला ‘बायके’ लिहून पत्र सुरू केलं की आधी माणसं, मेंढ्या, घोडे अशी सगळ्यांची खुशाली विचारायची असते. ती या वेळी गाडीवाल्या तिलेककडून तोंडी घ्या. मला एकच गोष्ट विचारायची आहे. फोनवर विचारता येत नाही, कारण माझा फोन आला की तुम्ही आधी स्पीकर लावता, आणि मग माझं बोलणं वहिनी, मुलं आणि घरी आलेला प्रत्येक पाहुणा ऐकतो.

आबांच्या फुफ्फुसातून सुईने तुकडा काढला, त्याचा रिपोर्ट तुम्ही वाचला होता का?

तुम्ही तो मेजवानीच्या दिवशी खिशातून काढून सगळ्यांना दाखवलात आणि जाताना खिडकीत विसरून गेलात. आता तो माझ्याकडे आहे. त्यातलं वाक्य जसंच्या तसं लिहितो: ‘तपासणीसाठी आलेल्या तुकड्यात साधं फुफ्फुस व थोडी सूज. कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत.’

आणि अंगणात उभं राहून तुम्ही म्हणालात, "आबांना काहीही नाही. डॉक्टरांनी लेखी दिलंय."

डॉक्टरांनी तसं लेखी दिलेलं नाही. त्यांनी लिहिलंय की या तुकड्यात दिसलं नाही. धुक्यात मेंढ्या मोजताना एखादी दिसली नाही, तर ती आपल्याकडे नव्हतीच असं मी म्हणत नाही. तुम्ही बिश्केकला शिकलात, कचेरीत कागदांवर शिक्के मारता. एवढा फरक तुम्हाला कळला नसेल असं मला वाटत नाही. म्हणून विचारतोय.

तुम्ही मेंढा कापलात, सगळा गाव बोलावलात. गावातल्या वडीलधाऱ्या इमानाली अक्साकालांनी हात पसरून दुआ दिली आणि आम्ही सगळ्यांनी हात तोंडावरून फिरवले. तुम्ही रडलात, तेही सगळ्यांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही शहरात परत गेलात. त्यानंतर आबांचा खोकला मी ऐकतोय, तुम्ही नाही. ते उशीला तोंड लावून खोकतात, म्हणजे आपाला ऐकू जाऊ नये. सदऱ्याची कॉलर आता गळ्याभोवती फिरते. आपा म्हणते, "मेंढ्याचं मांस पचलं नाही." घरात मोठ्या मुलाने जे सांगितलं तेच खरं, हे आई असून ती तुमच्याकडून शिकली.

उत्तर लिहून पाठवा. तिलेक परवा परत येतोय.

केनजेबेक

बिश्केक, २३ ऑक्टोबर

बायके,

उत्तर आलं नाही. तिलेक म्हणाला, "तुझ्या भावाने पत्र खिशात घातलं आणि मला चहा दिला." म्हणून मी स्वतः आलो. तुमच्या घरापासून दोन थांब्यांवरच्या चहाच्या टपरीत बसून हे लिहितोय. तुमच्याकडे येणार नाही. आलो तर वहिनी जेवायला वाढतील, आणि तुमचं अन्न खाऊन मला हे लिहिता येणार नाही.

रुग्णालयात गेलो होतो. ज्यांनी आबांना सुई घातली त्या सायरा तोक्तोनोव्ना भेटल्या. मी दारात टोपी काढून उभा होतो. त्यांनी वर पाहिलं.

"आसानकुल शिकाऱ्यांचा मुलगा? धाकटा?"

"हो."

"उशीर केलात. तुमच्या मोठ्या भावाला मी त्याच दिवशी कॉरिडॉरमध्ये सांगितलं होतं. पुन्हा टोचावं लागेल, तीन-चार आठवड्यांत आणा म्हणून. ते म्हणाले, घरी विचारून सांगतो."

बायके, तुम्ही कोणाला विचारलंत? मला नाही. आबांना नाही. आपाला तर नाहीच.

मी त्यांना म्हटलं, "मी नववीपर्यंतच शिकलोय. मला सावकाश सांगा, मी लिहून घेतो." त्या हसल्या नाहीत. एक खुर्ची ओढून दिली.

त्यांनी सांगितलं ते असं. सीटी स्कॅनमध्ये बघत बघत सुई घातली, तर गाठ कर्करोगाची असलेल्या शंभर माणसांपैकी साधारण नव्वदांमध्ये तो सापडतो. दहांमध्ये सुटतो. "सुई ‘आहे’ म्हणाली तर जवळजवळ पक्कं समजा. त्यात ती क्वचितच चुकते. पण ‘नाही’ म्हणाली तर तिला उलट विचारायचं असतं, कुठून बघून आलीस? तुकड्यात क्षयाची खूण निघाली असती, दुसरं काही नाव निघालं असतं, तर त्या ‘नाही’ला अर्थ होता. तुमच्या वडिलांच्या तुकड्यात नुसतं चांगलं फुफ्फुस आहे. एवढी अक्रोडाएवढी गाठ समोर दिसतेय आणि हातात चांगलं फुफ्फुस. म्हणजे आम्ही गाठीला हातच लावला नाही."

मी विचारलं, "कुत्र्यापासून होते ती पाण्याची गाठ असेल का? आमच्या खोऱ्यात पुष्कळांना असते."

"ते मी सुई घालण्याआधीच पाहिलं. मेंढपाळाच्या छातीत ते बघितल्याशिवाय मी सुई घालत नाही, ती गाठ फुटली तर माणूस टेबलावरच दगावतो. ही पाण्याची नाही, भरीव आहे."

मग त्यांनी पडद्यावर फोटो दाखवला. सुई पांढरी रेघ दिसते. तिचं टोक गाठीच्या काठाला अगदी भिडलेलं. मी म्हटलं, "इथे तर बरोबर आहे."

"इथे बरोबर आहे. पण तुकडा इथे घेत नाही. टोक काठाशी आणायचं, रुग्णाने श्वास धरायचा आणि मग चाप दाबायचा. आतली सुई बोटाच्या दोन पेरांएवढी पुढे उडी मारते आणि तुकडा घेऊन येते. गाठ खालच्या बाजूला आहे, श्वासाबरोबर वरखाली होते. फोटोच्या वेळी जेवढा श्वास भरला तेवढाच चाप दाबताना भरलेला पाहिजे. तो कमी-जास्त झाला की गाठ जागेवर नसते."

"म्हणजे आबा हलले?"

"तेच तर मला कळत नाही. लोक दचकतात, खोकतात, देवाचं नाव घेतात. तुमचे वडील दगडासारखे पडले होते. इतका स्थिर माणूस माझ्या टेबलावर कधी आला नाही. घरी गेलात की विचारा त्यांना, श्वास नेमका कसा धरला होता."

आठ नोव्हेंबरचा दिवस त्यांनी आबांसाठी राखून ठेवलाय. म्हणाल्या, गाठ अजून कापून काढण्याजोगी दिसते. आणखी दोन महिन्यांनी काय म्हणेन ते सांगता येत नाही.

तुम्हाला माहीत आहे, आबा माझं ऐकून सुईखाली झोपणार नाहीत. मी काही सांगितलं की ते म्हणतात, "मोठा काय म्हणतो?" मोठा म्हणाला की मेंढा कापा, तर मेंढा कापतात. म्हणून तुम्ही त्यांना सांगा. स्पीकर न लावता. एवढं एकच काम आहे.

केनजेबेक

कोक-जार, २ नोव्हेंबर

बायके,

तुमचा निरोप तिलेकने सांगितला. त्याला लाज वाटत होती, म्हणून चाकाकडे बघत बघत सांगितला. मी त्याच्याकडून तो पुन्हा म्हणवून घेतला, शब्द चुकू नयेत म्हणून. ‘नववीतल्या प्राध्यापकाला सांग, मेंढ्या बघ. सुईचं लोखंड लागलं की गाठ चवताळते, हे गावातल्या बाईलाही माहीत आहे. आणि अक्साकालांची दुआ घेऊन पुन्हा त्याच दारात जायचं म्हणजे दुआ थुंकून टाकायची. माझं नाव घालवू नको.’

एक एक घेतो.

लोखंडाचं मी डॉक्टरबाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, असं होणं फार म्हणजे फार दुर्मीळ. जास्त भीती हवा सुटायची असते. पाचात एखाद्याच्या फुफ्फुसाभोवती थोडी हवा जमते, बहुतेकांची आपोआप जिरते, काहींना नळी घालावी लागते. हे मी तुमच्यापासून लपवत नाही. तुम्ही मला जे सांगायचं टाळलंत तसं मी करणार नाही.

आणि तुमचं नाव. बायके, आबांच्या छातीत काय आहे ते तुमच्या नावाला विचारून तिथे बसलेलं नाही.

आता ऐका. मी आबांना विचारलं. ते अंगणात बसून घोड्याचा पट्टा शिवत होते. मी सहज विचारल्यासारखं केलं.

"आबा, त्या दिवशी सुई घालताना श्वास कसा धरला होता?"

"कुठल्या वेळी?"

"म्हणजे?"

"टेबल त्या बोगद्यात गेलं तेव्हा आतून बाई बोलायची, श्वास घ्या, धरा. तेव्हा छातीभर घेतला. यंत्र आहे, त्याला काय कळतं, म्हटलं भरपूर घ्यावा. मग डॉक्टरीण आली. तिने ते हत्यार माझ्या कानाशी ‘टक्’ करून दाखवलं. म्हणाली, असा आवाज होईल, दचकू नका." आबा हसले. "मी दचकणार? माझी पोर शोभेल ती."

"मग?"

"मग काय. चाप आहे म्हटल्यावर मला शिकवायला नको. ती म्हणाली, धरा. मी धरला."

"छातीभर?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं लांडग्यामागे पहिल्यांदा नेलं तेव्हा माझी बंदूक हलली म्हणून पाहिलं होतं.

"छातीभर श्वास घेऊन कोण चाप ओढतं? नळी डोलते. पूर्ण घ्यायचा, अर्धा सोडायचा, थांबायचं, मग ओढायचं. तुला इतक्या वेळा सांगितलंय."

मी घरात गेलो आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. स्वतःच्या बरगडीवर हात ठेवून तसा श्वास घेऊन पाहिला. पूर्ण घेतला, अर्धा सोडला. हाताखाली सगळं हललं. गाठ तर आतच आहे, श्वासाच्या पडद्याला टेकून. डॉक्टरबाईंनी नेम धरला छातीभर श्वासावर, आणि आबांनी आपल्या हिशेबाने अर्धा श्वास सोडला. मग कड्यासारखे निश्चल राहिले. आयुष्यभर ज्याने एक गोळी वाया घालवली नाही, त्याने बाईंचा नेम चुकवला, आणि तोही बिनचूक शिस्तीने.

हे मी तुम्हाला कौतुक म्हणून लिहीत नाही. पहिली सुई का चुकली ते आता कळलंय. दुसरी चुकणार नाही. एवढं कळल्यावरही तुम्ही गप्प बसणार असाल तर ते न समजल्यामुळे होणार नाही.

आठ तारखेआधी आबांना फोन करा.

केनजेबेक

कोक-जार, ५ नोव्हेंबर

शायलोबेक,

बायके लिहायचं या पत्रात जमत नाही.

तुम्ही फोन केलात, पण आबांना नाही, आपाला. ती म्हातारी आहे, तिलाही आता स्पीकर लावता येतो, तुम्हीच शिकवलात. ती चुलीपाशी बसली होती, आबा दारात बूट घालत होते आणि मी पाण्याच्या बादल्या घेऊन आत येत होतो. तुम्ही म्हणालात, "आपा, केनजेला आवर. त्याला घर मिळायची घाई झालीय. आबांना टोचून टोचून मारेल तो."

आपाने फोन उलटा करून मांडीवर ठेवला, तरी तुमचा आवाज तिच्या मांडीतून येत राहिला.

घर धाकट्याचं असतं. मी जन्मलो त्या दिवसापासून ते माझं आहे, माझ्या नावातच ते आहे, केनजे म्हणजे धाकटाच. तुम्हाला शहरात फ्लॅट आहे, मला हे छप्पर, ही म्हातारी माणसं आणि त्यांच्या उशा. जे आपलंच आहे त्याची घाई कोण करतं? तुम्ही शिकायला गेलात म्हणून मी नववीतून उठलो आणि कळपामागे गेलो. त्याबद्दल मी तुम्हाला कधी काही बोललो नव्हतो. आज बोलतोय.

आबांनी दुसरा बूट घातला आणि मला म्हणाले, "बादल्या ठेव. चल वाड्याकडे."

मेंढ्यांच्या वाड्यापाशी त्यांनी कुंपणावर हात ठेवले. "टोचायचं काय आहे? तो काय बोलतोय?"

आपल्याकडे रुग्णाला सांगत नाहीत. मुलांना सांगतात, मुलं हसरं तोंड करून आत जातात. मला माहीत आहे. पण ज्याने सांगायला हवं होतं त्याने शेजाऱ्यांना सांगितलं आणि तेही खोटं. मग मी सांगितलं.

"आबा, त्या दिवशी नेम चुकला."

"कुणाचा?"

"डॉक्टरीणबाईंचा. तुमच्या अर्ध्या श्वासामुळे."

मग मी सगळं सांगितलं. फोटो, काठ, चाप, दोन पेरांची उडी. हातवारे करून दाखवलं. त्यांनी मध्ये एकदाच विचारलं, "म्हणजे मी धरायला नको होता तसा?" मी म्हटलं, "बंदूक तुमच्या हातात असती तर बरोबर होतं." ते हसले आणि त्या हसण्यातून त्यांना खोकला लागला. मी पाठीवर हात ठेवला, त्यांनी तो झटकला.

"मग तो मेंढा कशाचा खाल्ला आपण?"

मी कुंपणाची सैल झालेली काठी आवळली.

"चाहूल लागलेलं जनावर एका जागी बसून राहत नाही," ते म्हणाले. "कधी जायचं?"

"आठला. पण शायलोबेक बायके नको म्हणतात."

"त्याच्या छातीत आहे का?"

मला तुमच्या निरोपातली दुआ आठवली, म्हणून म्हटलं, "आणि अक्साकालांची दुआ?" ते सरळ इमानालींच्या घरी चालू लागले. मी मागून गेलो. इमानाली ओट्यावर उन्हात बसले होते.

आबा म्हणाले, "अरे इमानाली, तू दुआ दिलीस ती वाया गेली बघ. गाठ आहे तिथेच आहे. पुन्हा सुई घालणार आहेत."

इमानालींनी दाढी कुरवाळली. "मी दुआ आसानकुलला दिली होती. तुझ्या पोराच्या कागदाला थोडीच दिली होती. जा, टोचून ये. आणि परत आल्यावर मेंढा कापू नका रे, त्या दिवशीच्या चरबीने माझं पोट अजून जड आहे."

झालं. ज्या नावासाठी तुम्ही महिनाभर तोंड दाबून बसलात, ते एवढ्यावर मिटलं. तुम्ही येऊन विचारलं असतं तर तुम्हालाही त्यांनी हेच सांगितलं असतं.

परवा पहाटे आम्ही निघतोय. तुम्ही रुग्णालयात येऊ नका.

केनजेबेक

कोक-जार, १९ नोव्हेंबर

बायके,

आबांनी सांगितलंय म्हणून लिहितोय. ते समोर बसलेत आणि मी लिहिलेलं वाचून दाखवायचं आहे. शेवटचा भाग दाखवणार नाही.

सुई नीट झाली. डॉक्टरबाईंना मी अर्ध्या श्वासाची गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी हातातला पेन खाली ठेवला. मग टेबलापाशी जाऊन त्या आबांना म्हणाल्या, "आज तुम्ही शिकारी नाही. आज तुम्ही जनावर. कळलं?" आबा म्हणाले, "जनावर पण श्वास धरतं, बाई. पण पूर्ण धरतं." चाप दाबण्याआधी त्यांनी त्याच श्वासात पुन्हा फोटो काढून पाहिला. मी काचेपलीकडून बघत होतो. आबा लग्नातल्या कोंबड्यासारखी छाती फुगवून पडले होते. तीन तुकडे काढले. नंतर थोडी हवा जमली, ती दुसऱ्या दिवशीपर्यंत आपोआप जिरली.

रिपोर्टच्या दिवशी डॉक्टरबाई दारात आल्या आणि त्यांनी मला डोळ्याने कॉरिडॉरमध्ये बोलावलं. मी उठलो. आबांनी माझ्या कोटाचं टोक धरलं.

"बाई, इथेच सांगा. मागच्या वेळी कॉरिडॉरमध्ये सांगितलंत, ते अजून माझ्यापर्यंत पोचलं नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मानेने हो म्हटलं. मग त्या पलंगाच्या कडेला बसल्या आणि त्यांना सांगितलं. कर्करोग आहे. या वेळी ‘आहे’ म्हणतेय, म्हणजे आहे. स्कॅनमध्ये दुसरीकडे कुठे पसरलेला दिसत नाही. फुफ्फुसाचा खालचा भाग कापून काढता येईल, सव्वीस तारखेला. पुढे औषध लागेल की नाही ते कापल्यावर ठरेल. बरं होईल असं त्यांनी वचन दिलं नाही. आबांनी मागितलंही नाही. एवढंच विचारलं, "मागच्या वेळी सापडली असती तर?"

"तेव्हाही कापलीच असती. तेव्हा थोडी लहान होती."

"किती?"

त्यांनी बोटांच्या चिमटीने दाखवलं. आबांनी त्या चिमटीकडे बराच वेळ पाहिलं. ती चिमूट मीही पाहिली. तेवढी वाढ तुमची आहे, बायके. दुसऱ्या कोणाची नाही.

आबांचा निरोप त्यांच्याच शब्दांत: ‘मोठ्याला लिही, ये म्हणावं. कोणाला बोलावू नको, काही कापू नको, रडायचं असेल तर गाडीत रडून ये. त्याला ओरडू नको. तो घाबरला, एवढंच झालं.’

इथपर्यंत त्यांना वाचून दाखवलं. ते "बरोबर" म्हणाले आणि आडवे झाले. पुढचं माझं.

तुम्ही घाबरलात हे मलाही कळतं. कॉरिडॉरमध्ये एकट्याने ते ऐकणं सोपं नसणार. पण मीही घाबरलो होतो. मी रोज घाबरतो. मेंढ्या मोजताना, रिपोर्टवरचे शब्द पुन्हा पुन्हा लावून पाहताना, तुम्हाला ही पत्रं लिहिताना. घाबरून मी कोणाला मेजवानी दिली नाही. आबांनी तुम्हाला माफ केलं असेल, तो बाप-लेकातला मामला आहे. मी केलेलं नाही, आणि सव्वीस तारखेला सगळं चांगलं झालं तरी करेन असं समजून येऊ नका.

या मात्र. धाकट्याने बाहेर येऊन मोठ्याच्या गाडीचं दार उघडायचं असतं. मी येणार नाही. मी आलो नाही तर हॉर्न ऐकून स्वतः बाहेर येईन, असं आबा म्हणतात. त्यांना मी उठूही देणार नाही आणि थंडीत चालूही देणार नाही. तेव्हा फाटकापाशी हॉर्न वाजवू नका. गाडी लांब लावा, पायी या. घराचं दार लोटलेलं असेल, कडी लावलेली नसेल.

केनजेबेक